दंडातला दोरा

वडपाडा, खोडाळा
१४ सप्टेंबर २०२४

प्रिय रोहिणी,

तू म्हणशील, ही बया फोन करायचा सोडून अजून पत्रंच लिहिते. पण आमच्या पाड्यावर रेंज येते ती फक्त टेकडीवरच्या मोहाच्या झाडाखाली. तिथे उभं राहून अंगणवाडीची माहिती मोबाईलमध्ये भरू की तुझ्याशी गप्पा मारू? शिवाय आश्रमशाळा सोडताना आपलं ठरलं होतं, निदान चार महिन्यांतून एक पत्र. मी आपली शब्द पाळते. तू मुंबईला नर्स झालीस आणि कार्डावर दोन ओळी खरडायला लागलीस.

बातमी अशी की परवा मोखाड्याला तुझ्या मैत्रिणीचा सत्कार झाला. शाल, नारळ आणि काचेच्या चौकटीतलं प्रमाणपत्र. माझ्या अंगणवाडीतली नऊ बाळं लाल रंगात होती, म्हणजे उंचीच्या मानाने वजन फारच कमी. त्यातली सात चार महिन्यांत हिरव्यात आली. सुपरवायझर मॅडमनी माझं नाव माईकवरून दोनदा घेतलं. आता हरभऱ्याच्या झाडावरून उतर म्हणू नकोस, आठ दिवस तरी राहू दे.

पण दुधात मिठाचा खडा टाकायला फागी होतीच. फागी म्हणजे लाडक्याची बायको, आमच्याच पाड्यावरची, चौथी शिकलेली. तिची सोनी आता तेरा महिन्यांची आहे. मे महिन्यात पाच किलो आठशे होती, जुलैत सहा तीनशे, आता सहा आठशे. सगळ्यात सुंदर आलेख तिचा, म्हणून मायलेकींना मुद्दाम जीपमध्ये घालून नेलं. मॅडम म्हणाल्या, बाई दोन शब्द बोला. तर फागी उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "माझी पोर बरी नाय. वजन पोटात आहा, अंगात नाय."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. हे तिचं नवं नाही, तीनदा माझ्याकडे येऊन गेली. आपल्याकडे पाचवीला सुईण पोराच्या कमरेला करदोरा आणि दंडात काळा दोरा बांधते, ते तुला ठाऊकच आहे. फागीचं म्हणणं, मे महिन्यातल्या आखाजीपासून करदोरा तीनदा सैल करावा लागला आणि दंडातला दोरा दोनदा आवळावा लागला. कापलेले तुकडे फडक्यात बांधून ठेवलेत, ते मला दाखवते. मी म्हटलं, बाई गं, दोऱ्यानं पोरं मोजायची तर सरकारनं काटा कशाला दिला? बायका हसल्या. ती नाही हसली.

आता म्हणते, पोर उभी राहायची ती राहत नाही, आणि डोळ्यांभोवती काळंनिळं पडलंय. सासू म्हणते पाळण्यातून पडली असेल. फागी म्हणते पडलीच नाही. एकेकीला सुख दुखतं, दुसरं काय.

तुझी,
शीला


मुंबई
२१ सप्टेंबर २०२४

प्रिय शीला,

अभिनंदन नंतर करते, रागावू नकोस. तुला फोन लावून थकले, म्हणून हे लिहिते आहे. आमच्या वॉर्डातलं एक कुटुंब उद्या मोखाड्याला परत जातंय, त्यांच्याबरोबर देते. तिथून तुमच्या पाड्यावर जीप आणणाऱ्या धर्मेंद्रकडून तुझ्यापर्यंत येईल.

मी डॉक्टर नाही. पण लहान मुलांच्या कॅन्सरच्या वॉर्डात नऊ वर्षं काढली आहेत आणि तुझं पत्र मी उभ्या उभ्या दोनदा वाचलं. पोट वाढतंय, दंड सुकतोय, पोर पायावर उभी राहत नाही आणि न पडता डोळ्यांभोवती काळं येतंय. यातली एकेक गोष्ट दहा साध्या कारणांनी होऊ शकते. चारही एकत्र आल्या की थांबायचं नसतं. देव करो आणि माझं चुकू दे, मग तू मला जन्मभर चिडव.

काटा खोटं बोलत नाही, पण वजन कशाचं आहे ते तो सांगत नाही. पोटात काही वाढत असेल तर तेही किलोतच धरलं जातं. तू दंडाचा घेर मोजायची पट्टी लाव. पोटावर अलगद हात ठेव, दाबू नकोस. डावी-उजवी बाजू सारखी लागते का बघ. आणि काही लागो न लागो, पत्र मिळेल त्याच दिवशी दोघींना जव्हारच्या दवाखान्यात पाठव.

त्या दोऱ्यांवर हसू नकोस, शीला. मला वाटतं तुमच्या सगळ्यांत एकटी फागीच नीट बघते आहे.

रोहिणी


वडपाडा
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय रोहिणी,

तुझं पत्र मला २९ तारखेला मिळालं. धर्मेंद्राचं काम तुला माहीत आहे, जीपमध्ये पुढे ठेवलं आणि विसरला. मिळाल्याबरोबर मी गेले, पण घराला कडी. अंगणात बसलेली सासू म्हणाली, फागी पहाटेच पोरीला पाठीला बांधून खोडाळ्याच्या वाटेला लागली. लाडक्या वसईला सेंट्रिंगच्या कामावर होता, त्यालाही निरोप नाही. कोणाला न विचारता एकटी गेली.

दुसऱ्या दिवशी मी जव्हार गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी मला सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. फागी आत गेली, सोनीला टेबलावर ठेवलं आणि फडकं सोडून दोऱ्याचे तुकडे ओळीने मांडले. एका बाजूला कमरेचे, दुसऱ्या बाजूला दंडाचे. म्हणाली, हे आखाजीचे, हे भाताच्या आवणीच्या आधीचे, हे पोळ्याचे. ती पुढे काही बोलायच्या आत डॉक्टरांनी सोनीच्या पोटावर हात ठेवला. डाव्या बाजूला त्यांच्या मुठीएवढं कठीण लागलं.

मी दंडाला पट्टी लावली. अकरा पूर्णांक दोन सेंटिमीटर. लाल. माझ्या मोबाईलमध्ये ती अजून हिरवी आहे.

त्याच दुपारी दोघींना रुग्णवाहिकेने मुंबईला पाठवलं, तुमच्याच हॉस्पिटलला. फागी माझ्याशी बोलली नाही. तिला मुंबईतलं काहीच माहीत नाही गं, जव्हारच्या पुढे ती कधी गेलेली नाही. तिच्याकडे बघशील ना?

शीला


मुंबई
२२ ऑक्टोबर २०२४

प्रिय शीला,

बघते म्हणजे काय, रोज बघते. खरं सांगू? पहिल्या दोन दिवसांतच माझ्या लक्षात आलं, हिला सांभाळायची गरज नाही, हिच्याकडून शिकायची आहे.

आधी आजाराचं सांगते. सोनीला न्यूरोब्लास्टोमा आहे. लहान मुलांतला, मज्जासंस्थेचा, क्वचित होणारा कॅन्सर. मूत्रपिंडाच्या डोक्यावर एक छोटी ग्रंथी असते, गाठ तिथून वाढली. थोडा भाग हाडांपर्यंत आणि डोळ्यांमागेही पोचलाय, म्हणून ते काळं. लघवीत त्याची खूण सापडली, मग सुईने गाठीचा तुकडा काढून पक्कं केलं. एक वाईट जनुक तपासतात, ते सुदैवाने निघालं नाही. आणि वय दीड वर्षाच्या आत आहे. या आजारात पहिल्या दीड वर्षाला फार किंमत असते. बरीच मुलं यातून उठतात, पण उपचार पुरे करावे लागतात. दर तीन आठवड्यांनी औषध, मग ऑपरेशन, मग पुन्हा औषध. उन्हाळा उजाडेल.

आमच्या डॉक्टर मॅडम आईवडिलांना चित्र काढून समजावतात. बाळ पोटात असताना काही कच्च्या पेशी पाठीच्या बाजूने निघतात आणि शरीरभर आपापल्या जागी जाऊन नसा होतात. एखाद्या बाळात त्यातल्या थोड्या वाटेतच अडकतात, मोठ्या होतच नाहीत, कच्च्याच राहून वाढत जातात. ऐकताना बहुतेक जण माना हलवतात आणि नंतर बाहेर येऊन मला विचारतात, ताई, काय म्हणाल्या? फागीने मान हलवली नाही. म्हणाली, परत सांगा. तीनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "म्हणजे राबातलं रोप. आवणीला काढायचं राहिलं, ते तिथंच दाटलं. ना भात झाला, ना रान मोकळं राहिलं."

मॅडमना राब माहीत नव्हता. मग फागीनेच सांगितलं, जमीन भाजून राब करतात, त्यात भाताची रोपं दाट पेरतात आणि पावसात उपटून एकेक खाचरात लावतात. मॅडमनी पेन खाली ठेवून ऐकलं. आता दुसऱ्या मुलांच्या आयांना सांगताना त्या राब सांगतात आणि विदर्भातल्या, कोकणातल्या बायकांना ते लगेच कळतं.

एकच गोष्ट तिला खात होती. सोनी पोटात असताना आठव्या महिन्यापर्यंत ती वाकून आवणी करत होती, त्यानं झालं का? तिच्या सासूने तसं म्हटलं होतं. मॅडमनी स्वच्छ सांगितलं की नाही. कामानं नाही, खाण्यानं नाही, ग्रहणानं नाही, कोणाच्या करणीनं नाही. तेव्हा मात्र ती रडली, आल्यापासून पहिल्यांदाच.

मी तिला सांगितलं, शीलाताई पत्र मिळताच तुझ्या घरी धावल्या होत्या. ती काही बोलली नाही. दमलेली असते बिचारी. पण तू धावलीस हे मला फार बरं वाटलं, शीला. तुझ्या पहिल्या पत्रावर मी मनात रागावले होते, तो राग गेला.

रोहिणी


वडपाडा
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय रोहिणी,

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी किती वेळा वाचलं, विचारू नकोस.

इथलं सांगते आधी. लाडक्या कापणीला परत आला. फागी नाही म्हणून पाड्यावरच्या बायकांनी त्याचं भात कापून दिलं, नागलीची कणसं खुडून दिली. पण मधे तो मुंबईला दोन दिवस येऊन गेला ना, तेव्हापासून बिथरलाय. सोनीचे केस गेलेले, तोंड आलेलं, दूध उलटून टाकते. म्हणतो, इथून नेली तेव्हा हसत तरी होती. त्याची आई म्हणते, घरी आणा, जे व्हायचं ते आपल्या मातीत होऊ दे. भाताची झोडणी झाली की तो दोघींना आणायला निघणार आहे. पाड्यातला कोणी त्याला अडवत नाही.

मी त्याला समजवायला गेले. तुझ्या पत्रातलं सगळं सांगितलं, उपचार अर्धा सोडला तर गाठ दुपटीने येईल म्हटलं. त्याने शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "तुमच्या काट्यानं हिरवी सांगलीत, तवा पण खराच वाटला. आथा मुंबईचा खरा कशावरून?"

घरी आले आणि ठरवलं, निदान तुला तरी लिहायचं.

तुझं पत्र २९ ला नाही आलं, रोहिणी. २३ लाच आलं. धर्मेंद्राने हातात दिलं, मी तिथेच वाचलं आणि मला इतका राग आला तुझा. गावभर माझं कौतुक चाललेलं, आणि मैत्रीण म्हणते तुम्हा सगळ्यांत एकटी फागीच नीट बघते. वाटलं, मुंबईला गेल्यापासून हिला दिसेल त्यात कॅन्सर दिसतो. पत्राची घडी करून प्रमाणपत्राच्या चौकटीमागे सारली. सहा दिवस ते तिथे होतं. सातव्या दिवशी गेले तर ती निघून गेलेली. धर्मेंद्र बिचारा विसरलाबिसरला काही नाही, त्याच्यावर मी आळ घेतला.

फागी माझी वाट बघत थांबली असती तर काय झालं असतं, याचा विचार करत नाही असा दिवस जात नाही.

शीला


मुंबई
२५ नोव्हेंबर २०२४

शीला,

चार दिवस तुला उत्तर लिहायचं नाही असं ठरवलं होतं. मग सोनीकडे बघून लिहायला बसले.

तू मला सांगितलंस ते बरं केलंस, पण मला सांगून कोणाचं काय भलं होणार? मी तुझी मैत्रीण आहे, आज ना उद्या माफ करणारच. ज्याचं पोर आहे त्याला सांग. लाडक्याने तुला बरोबर प्रश्न विचारला. काट्याचं चुकलं नाही, तू चुकलीस, हे तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय तो तुझं का ऐकेल?

त्याला हेही सांग. औषधाचे दोन फेरे झाले आणि सोनोग्राफीत गाठ निम्म्यावर आली आहे. डोळ्यांभोवतीचं काळं गेलं. केस गेले कारण औषध भराभर वाढणाऱ्या पेशींना मारतं आणि केसही भराभर वाढतात. ते परत येतात. तोंड आलं तेही त्यामुळेच, आता बरं आहे.

आणि त्याची बायको काय करते आहे ते त्याला कोणीतरी सांगायला हवं. औषधानंतर या मुलांच्या रक्तातली लढणारी शक्ती तळाला जाते, तेव्हा साधा ताप जीवघेणा असतो. गेल्या बुधवारी फागी माझ्याकडे आली, म्हणाली पोरीच्या तळव्याची ऊब बदलली. थर्मामीटरमध्ये काही नव्हतं. आमची एक नवी मुलगी म्हणाली, आयांना उगाच वाटतं. मी तुझं पहिलं पत्र वाचलेलं होतं, म्हणून उगाच म्हणायची माझी हिंमत झाली नाही. डॉक्टरांना बोलावलं, रक्त घेतलं. तासाभरात एकशे दोन ताप चढला. अँटिबायोटिकची सुई आधीच लागलेली होती म्हणून निभावलं.

ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज काहीतरी लिहिते. दूध किती वाट्या, शी किती वेळा, कुठल्या दिवशी पाय हलवला. चौथीचं अक्षर, पण एक दिवस चुकलेला नाही. राउंडला डॉक्टर आधी ते कॅलेंडर वाचतात, मग फाईल. बीडची एक आई होती, ती उपचार सोडून निघाली होती. फागीने तिला शेजारी बसवून राब सांगितला, आणि म्हणाली, अर्धं तण काढून बांधावर बसलं तर उरलेलं तुझी वाट बघंल का? ती बाई थांबली. मी नऊ वर्षांत इतक्या जणींना समजावलं, मला हे सुचलं नव्हतं.

ही बाई आता लाडक्याने इथून नेली तर सोनी जाईल, शीला. यात दुसरं काही होणार नाही. तेव्हा लवकर जा.

रोहिणी


वडपाडा
१५ डिसेंबर २०२४

प्रिय रोहिणी,

सांगितलं.

एकट्याला सांगायचं म्हणून दोनदा त्याच्या खळ्यापर्यंत जाऊन परत आले. मग वाटलं, हसले होते सगळ्यांसमोर, तर सांगायचंही सगळ्यांसमोर. या महिन्याच्या वजनाच्या दिवशी लाडक्याला अंगणवाडीत बोलावलं. बायका होत्या, त्याची आई होती. मी म्हटलं, सोनी हिरवी झाली ती माझ्या मोबाईलमध्ये. फागी तीनदा दोरे घेऊन आली, मी चेष्टा केली. दंडाची पट्टी माझ्या कपाटात होती, ती एकदाही लावली नाही. मुंबईहून पत्र आलं, ते सहा दिवस दडवून ठेवलं, कारण माझा मान दुखावला होता.

त्याच्या आईने पदर तोंडाला लावला. लाडक्या म्हणाला, "हा सांगून तुमचा काय फायदा?" मी म्हटलं, काही नाही. म्हणाला, "मंग आथा बाकीचा सांगा."

बाकीचं म्हणजे आजाराचं. मी तुझं पत्र उघडलं, पण वाचून दाखवण्याऐवजी फागीने सांगितलेला राब सांगितला. रोप आवणीला काढायचं राहिलं, तिथंच दाटलं. औषध म्हणजे तणाची बेणणी, एकदा करून भागत नाही, तण परत येतं. तो एकदम वर बघून म्हणाला, हे तुमचं बोलणं नाय, हे फागीचं. मी हो म्हटलं. त्यानंतर त्याने गाठ कुठे आहे, किती राहिली, ऑपरेशन कधी, एवढंच विचारलं. कापणीनंतर चार पैसे मिळवायला वसईला जातो तो, यंदा तिकडे न जाता काल मुंबईला गेला. आणायला नाही, राहायला. रक्त द्यायचं म्हणतो, त्याचा गट जुळतो का बघ.

आणखी एक. मी वरती लेखी कळवलं की सोनीची सप्टेंबरची नोंद चुकीची होती आणि ती का चुकली. सुपरवायझर मॅडम फोनवर म्हणाल्या, कशाला उकरून काढतेस. मग थोड्या वेळाने त्यांचाच फोन आला, म्हणाल्या, बाकीच्या सेविकांना पट्टीचं तू सांगशील का? आता दर महिन्याला काट्याआधी दंड बघते आणि आईला विचारते, तुला काय वाटतं? अशी उत्तरं मिळतात गं, सतरा वर्षांत कधी विचारलंच नव्हतं.

सोबत फागीसाठी वेगळं पत्र आहे. बंद केलंय. तिचं तिला वाचू दे.

तुझी,
शीला


मुंबई
६ एप्रिल २०२५

प्रिय शीला,

उशीर झाला, पण बातमी आणल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

होळीनंतरच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. पाच तास. गाठ लिंबाएवढी उरली होती, ती ग्रंथीसकट निघाली, मूत्रपिंड वाचलं. काढलेल्या गाठीच्या तपासणीत बहुतेक सगळं मेलेलं निघालं. हाडांत आता काही नाही. औषधाचे दोन फेरे राहिलेत, मग घरी, आणि पुढची काही वर्षं ठरलेल्या तारखांना येऊन दाखवायचं. डॉक्टर मॅडम 'बरी झाली' हा शब्द अजून वापरत नाहीत. पण परवा राउंड संपल्यावर त्या सोनीच्या पलंगाशी उगाच रेंगाळल्या, त्यावरून मी काय ते समजले.

सोनी चालते. पलंगाची दांडी धरून, मग दांडी सोडून चार पावलं, मग धपकन खाली. लाडक्या तिच्यामागे हात पसरून फिरतो आणि फागी त्याला रागावते, पडू दे म्हणते, पडल्याशिवाय कसं कळंल. त्याने तीनदा रक्त दिलं. आमच्या वॉर्डातल्या मावशींना आता तो नागलीच्या भाकरी थापून दाखवतो, पीठ त्याच्या आईने पाठवलं होतं.

तुझं पत्र फागीने डिसेंबरातच वाचलं. एकेका शब्दावर बोट ठेवून, अर्धा दिवस लागला तिला. काल माझ्याकडून कागद मागितला. तीन दिवस लागतील म्हणाली आणि मला दाखवणार नाही म्हणाली. तिचं झालं की दोन्ही एकत्र पाठवीन, तिचं पाकीट बंदच असेल.

तुझ्यावरचा माझा राग केव्हाच गेलाय, हे वेगळं सांगायला नको.

रोहिणी


मुंबई, दवाखाना
९ एप्रिल

शीलाताईंना फागीचा नमस्कार,

तुमी लिवलं ते वाचलं. मला ठाव होतं. धर्मेंद्रदादानं चिठ्ठी दिली तवा मी हापशावर होते. तुमी वाचली, माझ्याकडं बघितलं, घडी केली अन आत गेल्या. मी समजले माझं काय तरी आहे त्यात. दोन दिवस वाट बघितली, तुमी याल. मंग तिसऱ्या दिवशी मीच यायला निघाले अन दारातून परत गेले. तीनदा हसं झालं होतं, चवथ्यांदा नको वाटलं.

राग आला होता. आजून आहे थोडा, खोटं कशाला लिवू. रोहिणीताई सांगल्या, तुमी धावत आल्या. मी त्यांना काय बोलले नाय. त्यांची मैत्रीण, त्यांना वाईट वाटलं असतं.

पण लाडक्या इथं आला तवा मला वाटलं न्यायला आला. मी बोचकं पलंगाखाली लपवलं. तो बोलला, शीलाताईंनी सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली, आईचं पण तोंड बंद झालं. तुमी ते केलं नसतं तर त्यानं आमाला नेलं असतं अन सोनी आज नसती. म्हणून राग थोडाच उरला.

एक माझं पण लिवते. मला आखाजीपासनं कळत होतं. तरी मी भादव्यापर्यंत थांबले. वाटायचं, ताई शिकलेल्या, काटा सरकारचा, आपलंच डोळं खोटं. इथं मॅडम म्हणाल्या, आजार होतो त्यात आईची चूक नसते. बरोबर आहे. पण थांबले ती माझी चूक, तुमची एकटीची नाय. आता मी थांबत नाय. रोज इचारते. ओरडल्या तरी इचारते.

सोनी दोन घास जास्त मागते. परवा तिनं लाडक्याची मिशी ओढली.

आता कामाचं. लाडक्याला घरनं निरोप आला, खालच्या पाड्यावर पोशीची लेक महिना झाला पायावर उभी राहत नाय. पोशी म्हणते, उशिरा चालणारी जात आहे आमची. साधं काय असंल तर बरंच आहे. पण तुमी हात लावून बघा. पोशी भित्री आहे ताई, ती माझ्यासारखी तुमच्या दारात तीनदा येणार नाय. एकदा पण येणार नाय. तुमीच जा. आजच जा.

फागी